सोसायटीतलं, चाळीतलं, वाडीतलं झेंडावंदन: १५ ऑगस्टसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेंडावंदन बिघडतं ते उत्साह कमी पडला म्हणून नाही. दोरी कप्पीतून निसटते, गाठ आवळून बसते, ध्वज उलटा बांधला जातो, नाहीतर संध्याकाळी तो उतरवायला कुणी थांबत नाही. म्हणून खाली भाषणांपेक्षा दोरीबद्दल जास्त लिहिलं आहे. नियमांचे उल्लेख भारतीय ध्वज संहिता, २००२ आणि राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ यांना धरून आहेत. ध्वज संहितेला यापुढे नुसतं ‘संहिता’ म्हटलं आहे.

सोसायटीच्या आवारात झेंडा लावायला परवानगी लागते का?

नाही. पूर्वी सामान्य नागरिकाला वर्षभर राष्ट्रध्वज लावायची मोकळीक नव्हती, ठरावीक राष्ट्रीय दिवसांपुरतीच ती होती. २६ जानेवारी २००२ पासून संहिता लागू झाली आणि नागरिक, खासगी संस्था, शाळा अशा सगळ्यांना मान राखून कोणत्याही दिवशी ध्वज फडकवता येऊ लागला. उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचं मान्य केलं.

परवानगी लागते ती बाकीच्या गोष्टींना. लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्या. रस्त्यावर किंवा फुटपाथवर मंडप येणार असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेची घ्या. गच्चीवर कायमचा खांब रोवायचा असेल तर आधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग फोडून खांब रोवला आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या घरात गळती लागली, की वर्षभर भांडण पुरतं.

किती वाजता करायचं?

महाराष्ट्रात मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी होतं. मंत्रालयात मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या ठिकाणी साधारणपणे पालकमंत्री ध्वज फडकवतात. त्या समारंभाला लोकांना जाता यावं म्हणून ८.३५ ते ९.३५ या वेळात इतर कार्यालयांनी आणि संस्थांनी आपला कार्यक्रम ठेवू नये, ८.३५ च्या आधी किंवा ९.३५ नंतर ठेवावा, अशी सूचना शासकीय परिपत्रकात असते. त्या वर्षीचं परिपत्रक एकदा बघून घ्या.

सोसायटीसाठी सकाळी साडेसात ही वेळ सोयीची पडते. मुलांना नंतर शाळेत जायचं असतं आणि शाळेचं झेंडावंदनही सकाळीच असतं. साडेसात छापलंत तर साडेसातलाच दोरी ओढा. पाहुण्यांची वाट पाहत वीस मिनिटं गेली की आजी-आजोबा खुर्च्या शोधू लागतात आणि मुलं खांबाला लोंबकळायला लागतात.

झेंडा कोणाच्या हस्ते? अध्यक्षांनीच फडकवावा असा नियम आहे का?

सोसायटीसाठी असा नियम नाही. पद, वय, लिंग, जात, धर्म असली कोणतीही अट संहितेत नाही. सरकारी समारंभातली मानाची क्रमवारी वेगळी, तीही बदलत आली आहे. राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी १५ ऑगस्टला ध्वज फडकवण्याची पद्धत १९७४ पासूनची, तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांच्या आग्रहामुळे सुरू झालेली.

सर्वात ज्येष्ठ रहिवासी, निवृत्त जवान, दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेली मुलगी, सफाई कामगार, रात्रपाळीचे वॉचमन, यांपैकी कुणीही चालेल. नाव आठवडाभर आधी ठरवून फलकावर लावा. नगरसेवकांना बोलावण्याबद्दल दोन तट पडत असतील तर सरळ रहिवाशांपैकीच एकाचं नाव घ्या. ज्यांच्या हस्ते आहे त्यांना आदल्या संध्याकाळी खांबापाशी नेऊन कोणती दोरी, किती जोराने आणि कोणत्या दिशेला ओढायची, हे एकदा करायला लावा.

बॅनरवर ‘कितवा’ स्वातंत्र्यदिन लिहायचा?

चालू सालातून १९४६ वजा करा. २०२२ चा स्वातंत्र्यदिन ७६ वा होता. ‘स्वातंत्र्याची अमुक वर्षे पूर्ण’ असं लिहायचं असेल तर १९४७ वजा करा. म्हणून २०२२ मध्ये ७५ वर्षं पूर्ण झाली, पण दिवस ७६ वा होता. छपाईला देण्याआधी हे ठरवा. बॅनर टांगल्यावर वाद घालून उपयोग नाही.

ध्वज कोणत्या कापडाचा आणि केवढा घ्यावा?

लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असलंच पाहिजे. पांढऱ्या पट्ट्यावर नेव्ही ब्लू रंगाचं, २४ आऱ्यांचं अशोकचक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. बाजारातल्या स्वस्त ध्वजांत तीन दोष हमखास सापडतात. चक्र अंडाकृती असतं, आरे मोजले तर २४ भरत नाहीत, आणि तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे नसतात. पैसे देण्याआधी ध्वज टेबलावर पसरून बघा.

कापडाचं बंधन आता सैल झालं आहे. आधी हाताने कातलेली, हाताने विणलेली खादीच चालत असे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून सुती, लोकरी, रेशमी किंवा पॉलिएस्टर, हातमागाचं किंवा यंत्रावरचं कापड चालतं. खादीचा हवा असेल तर हुबळीजवळच्या बेंगेरीतला आणि आपल्याकडे नांदेडच्या खादी ग्रामोद्योग समितीचा ध्वज प्रसिद्ध आहे. भारतीय मानकांच्या यादीत ‘आयएस १’ हा पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्याच मानकाला दिलेला आहे. धाग्यापासून शिलाईपर्यंत सगळं त्यात ठरवलेलं असतं.

आमचं मत विचाराल तर समारंभाला खादी आणि घरोघरी गॅलरीत लावायला पॉलिएस्टर. भिजलेली खादी जड होते, उघडत नाही आणि फडकतही नाही. पॉलिएस्टर दहा मिनिटांत निथळतं. पण ते गुळगुळीत असल्याने घड्या सुटतात आणि बांधताना दोन माणसं लागतात.

प्रमाणित आकार नऊ आहेत, ६३०० × ४२०० मिलिमीटरपासून १५० × १०० मिलिमीटरपर्यंत. २० फुटी खांबाला १३५० × ९०० (साधारण साडेचार फूट × तीन फूट) शोभतो. मोकळं मैदान असेल तर १८०० × १२०० घ्या. गॅलरीला ९०० × ६०० किंवा ४५० × ३०० पुरे. टेबलावर ठेवायचा तो १५० × १००.

प्लास्टिकचे झेंडे आणू नका. एकदाच वापरून टाकायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, त्यांत प्लास्टिकचे झेंडेही आहेत.

खांब आणि दोरीचं काय तपासायचं?

आठवडाभर आधी चार गोष्टी बघा.

कप्पी: वर्षभर पावसात गंजून ती अडकते. चाक फिरत नसेल तर दोरी नुसती घासत राहते. शिडीवरून तेल द्या, आणि चाक व पत्र्यामधली फट दोरीच्या जाडीपेक्षा मोठी नाही ना ते पाहा. फट मोठी असली की दोरी चाकावरून उतरून त्या फटीत रुतते. मग खालून कितीही ओढा, ध्वज वरही जात नाही आणि खालीही येत नाही.

दोरी: ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, विणलेली. लांबी खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर चार-पाच फूट, म्हणजे २० फुटी खांबाला ४५ फूट. काथ्या कप्पीत अडकतो, बारीक नायलॉनची गाठ घसरते. मागच्या वर्षीची दोरी उन्हा-पावसात खांबालाच राहिली असेल तर ती बदला. दोरीला फार पैसे पडत नाहीत.

खुंटी: दोरी गुंडाळायचं हुक छातीच्या उंचीवर आणि घट्ट बसवलेलं असावं.

तारा: लोखंडी खांब विजेच्या तारांच्या जवळ उभा करू नका. खांब आडवा पडला तरी तारांना शिवणार नाही, एवढं अंतर हवं. ओल्या गच्चीवर, ओल्या हातांनी लोखंडी पाइप उभा करताना अपघात होतात. तारा जवळ असतील तर जागा बदला.

ध्वज बांधायचा कसा, म्हणजे ओढल्याबरोबर उघडेल?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो.

चांगल्या ध्वजाच्या दोरीकडच्या बाजूला पट्टीत ओवलेली दोरी असते. सहसा केशरी बाजूच्या टोकाला लाकडी गुल्ली असते आणि हिरव्या बाजूला मोकळी दोरी. कप्पीवरून आलेल्या दोरीचं एक टोक गुल्लीला आणि दुसरं खालच्या मोकळ्या दोरीला बांधलं की ध्वजासकट एक पूर्ण वेढा तयार होतो. खांबाशी आता दोन दोऱ्या दिसतील. एक ‘चढवायची’, कप्पीवरून खाली येणारी. दुसरी ‘उघडायची’, ध्वजाच्या हिरव्या बाजूकडून लोंबणारी. उघडायच्या दोरीला हाताच्या उंचीवर रंगीत चिकटपट्टी लावा.

आता घड्या. दोघांनी ध्वज आडवा, ताणून धरायचा. तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, खाली टेबल किंवा सतरंजी असू द्या. केशरी पट्टा पांढऱ्याच्या मागे घ्या, हिरवा त्याच्या मागे. लांब पट्टी तयार होईल. मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या दिशेने पंख्यासारख्या पुढे-मागे घड्या घालत या, प्रत्येक घडी वीतभर. गुंडाळी करू नका. गुंडाळलेला ध्वज उघडताना स्वतःभोवती अडकतो, पंख्याच्या घड्या एकदम मोकळ्या होतात. शेवटच्या दोन घड्यांत मूठभर कोरड्या पाकळ्या ठेवा.

तयार पुडकं दोरीला चिकटून धरा आणि उघडायच्या दोरीचे त्याभोवती दोनच वेढे द्या, पुडकं दबेल पण आवळलं जाणार नाही इतपत. आता त्याच दोरीचा खाली लोंबणारा भाग चिमटीत धरून तीन-चार बोटांचा फासा करा आणि तो वरच्या वेढ्याखालून अर्धा बाहेर काढा. दोरीचं टोक आरपार ओवू नका. इथेच निम्म्या गाठी चुकतात: टोक ओवलं की ती साधी गाठ होते, आणि ओढल्यावर सुटायच्या ऐवजी आवळते. फासा असेल तर खालून ओढताच तो निसटतो, वेढे ढिले पडतात आणि वारा उरलेलं काम करतो.

पुडकं वर चढवा, पण गुल्ली कप्पीला टेकवू नका, वीतभर खाली ठेवा. गुल्ली कप्पीत घुसली की शिडीशिवाय निघत नाही. मग चढवायची दोरी खुंटीला आठाच्या आकड्यासारखे चार-पाच वेढे देऊन पक्की करा. हे राहिलं तर पाहुण्यांनी उघडायची दोरी ओढल्यावर ध्वज उघडायच्या ऐवजी पुडकंच खाली सरकत येतं.

आदल्या संध्याकाळी हे सगळं तीन वेळा करून बघा, शक्यतो दुसऱ्याच एखाद्या त्याच आकाराच्या कापडावर. खरा ध्वज रात्रभर बांधून ठेवू नका. दमट हवेत सुती दोरी फुगते आणि गाठ धरते. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बांधा.

ओढलं आणि उघडलाच नाही, तर?

हिसके देऊ नका, खांब हलवू नका, कुणी वर चढू नका. दोरी सैल सोडून एकदा सरळ खाली ओढा. एवढ्याने नाही झालं तर चढवायची दोरी सोडून पुडकं खाली घ्या, हाताने मोकळं करा आणि ध्वज उघडाच वर चढवा. पूर्ण एक मिनिट लागतं. लोक शांत उभे राहतात, कुणाचं काही बिघडत नाही. राष्ट्रगीत मात्र ध्वज उघडल्यावरच सुरू करायचं, त्यामुळे ते म्हणणाऱ्यांनी डोळे वर ठेवावेत, घड्याळाकडे नाही.

उघडल्यावर कळलं की ध्वज उलटा आहे. काय करायचं?

राष्ट्रगीत सुरू झालेलं नसेल तर लगेच खाली घेऊन सरळ करा. सुरू झालं असेल तर ते पूर्ण होऊ द्या आणि मग तत्काळ दुरुस्त करा. ‘राहू दे आता, संध्याकाळी बघू’ असं चालत नाही. कायद्यात हेतुपुरस्सर केलेल्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. चुकून झालेली गोष्ट वेगळी, पण लक्षात आल्यावर तशीच ठेवणं योग्य नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधीही एकदा वर बघा.

उलटा बांधला जातो कारण घड्या घातल्यावर केशरी आणि हिरवं दोन्ही आत जातात. गुल्लीशेजारी पट्टीवर केशरी दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला तर अंधारातही चूक होणार नाही.

१५ ऑगस्टला खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला वरच बांधलेला उघडतात, हे पाळलंच पाहिजे का?

दिल्लीच्या समारंभांबद्दल असं सांगितलं जातं आणि दर ऑगस्टमध्ये तो संदेश फिरतो. सोसायटीला असं बंधन संहितेत नाही. उलट ध्वज उघडण्याआधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही, असं संहिता सांगते तेव्हा ती प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन दोघांचंही नाव घेते. उघडा ध्वज खालून चढवायचा असेल तर तो झरझर चढवा. उतरवताना मात्र सावकाश. आणि खरं सांगायचं तर गाठीची धास्ती असलेल्या मंडळींसाठी उघडा ध्वज चढवणं हाच उत्तम मार्ग.

हार, नारळ, रांगोळी, पाकळ्या?

पाकळ्या चालतात. मात्र झेंडूच्या नकोत, आणि ओल्या तर मुळीच नकोत. दमट हवेत पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. गुलाबाच्या पाकळ्या आदल्या रात्री कागदावर पसरून सुकवून घ्या. पुडक्यात मूठभरापेक्षा जास्त भरलंत तर वजनाने वेढे आवळतात.

खांबावर किंवा ध्वजाच्या वर हार, फुलं, बोधचिन्ह काहीही लावायचं नाही. हार नेत्यांच्या तसबिरींना घाला, त्या बाजूच्या टेबलावर ठेवा. नारळ फोडायचा तर खांबापासून दूर. रांगोळी जरूर काढा, पण चक्रासकट तिरंगा जमिनीवर काढू नका. पाच मिनिटांत त्यावरून पन्नास माणसं चालत जातात.

राष्ट्रगीत रेकॉर्ड लावावं की म्हणावं?

म्हणावं. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. रेकॉर्डिंग लावलंत की लोक ओठ मिटून उभे राहतात. शिवाय ब्लूटूथवर जोडलेल्या मोबाइलला ‘पंजाब सिंध’पाशीच फोन येतो. रेकॉर्ड लावायचीच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि फाइल आधी शेवटपर्यंत ऐका, कारण सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळींचं २० सेकंदांचं छोटं रूपही फिरत असतं.

म्हणताना मोठी अडचण पट्टीची. सुरू करणारा उत्साहात वरच्या पट्टीत सुरू करतो, आणि शेवटाकडचं ‘जय हे’ वरच्या षड्जाला जातं तिथे निम्मे आवाज गळतात. म्हणून ‘जन गण’ सहज बोलल्यासारख्या खालच्या स्वरात सुरू करा. दोन बायका आणि दोन पुरुष माइकपाशी उभे केले की बाकीचे आपोआप सूर धरतात. ‘उच्छल जलधितरंग’ इथे ‘उज्ज्वल’ म्हणायची सवय अनेकांना आहे. मुलांकडून आधी एकदा म्हणून घ्या.

शाळेतल्यासारखे हुकूम द्यायचे तर एकाच माणसाने द्यावेत. ‘सावधान’ झाल्यावर दोरी, ध्वज उघडताच ‘राष्ट्रगीत शुरू कर’, आणि ‘विश्राम’ राष्ट्रगीत पूर्ण संपल्यावर. राज्यगीत म्हणणार असाल तर ते राष्ट्रगीतानंतर घेतात. ते फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत आहे.

सलामी सगळ्यांनी द्यायची का? चपला काढायच्या का?

ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. सलामी गणवेशात असलेल्यांनी द्यायची. पादत्राणं काढायचा नियम नाही, ऑगस्टच्या चिखलात तसा आग्रहही धरू नये. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी खुर्चीत ताठ बसावं, आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघू नये.

कार्यक्रमाचा क्रम कसा असावा?

ध्वज आधी, भाषणं नंतर. स्वागत दोन वाक्यांत, मग ध्वज, राष्ट्रगीत, ‘भारत माता की जय’, प्रतिज्ञा. त्यानंतर सगळ्यांना बसवा आणि पाच मिनिटांचं एक भाषण, मुलांचे दोन किंवा तीनच कार्यक्रम, बक्षिसं, खाऊ. चाळीस मिनिटांत आटोपतं. पार्किंग, पाणी आणि थकबाकीचे विषय या दिवशी काढू नका.

भाषण करणाऱ्या मुलांची एक चूक सुधारून घ्या. नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा ध्वज फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. १५ तारखेचा समारंभ इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये झाला होता. तिरंगा संविधान सभेने त्याआधी २२ जुलैला स्वीकारला होता.

पाऊस लागला तर?

झेंडावंदन पावसातच होतं, महाराष्ट्रात ते गृहीत धरा. ध्वज भिजणं म्हणजे अवमान नाही. भाषणं आणि मुलांचे नाच तेवढे पार्किंगखाली किंवा जिन्याच्या मोकळ्या जागेत हलवा. माइकची वायर जमिनीवरून नेऊ नका. वीज कडाडत असेल तर गच्चीवर थांबू नका, अर्धा तास उशीर झालेला परवडतो. सोसाट्याच्या वाऱ्यात ध्वजाची कड फाटायला लागली तर तो उतरवा, कारण फाटका, विस्कटलेला ध्वज फडकवणं संहितेला मान्य नाही.

संध्याकाळी उतरवावाच लागतो का? आता रात्रीही चालतो ना?

चालतो. जुलै २०२२ च्या दुरुस्तीनुसार नागरिकाच्या घरावरचा किंवा उघड्यावर लावलेला ध्वज दिवसरात्र ठेवता येतो. तरीही सोसायटीतला ध्वज सूर्यास्ताला उतरवावा असं आम्ही सुचवतो. ‘रात्रीही चालतो’ याचा अर्थ पुढे ‘कुणीच उतरवला नाही’ असा होतो आणि गणपती आले तरी तो पावसात लोंबत असतो.

दोन माणसांची नावं आदल्या दिवशीच कागदावर लिहा. सकाळच्या आयोजकांना हे काम देऊ नका, ते दुपारी झोपतात. एकाने दोरी सावकाश सोडायची, दुसऱ्याने ध्वज हातांवर झेलायचा, जमिनीवर नाही. घडी घालताना ध्वज आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली घ्या. मग दोन्ही टोकं मध्याकडे अशी दुमडा की वर चक्र आणि केशरी-हिरव्याच्या कडा तेवढ्या दिसतील. दोन्ही तळव्यांवर ठेवून आत न्या.

त्याच खांबावर मंडळाचा झेंडा किंवा भगवा लावू शकतो का? पताकांचं काय?

त्याच खांबावर नाही. शेजारी बरोबरीने किंवा राष्ट्रध्वजाहून उंचही नाही. आवारात एरवी दुसरा झेंडा असेल तर तो त्या दिवसापुरता काढून ठेवा. पताकांसाठी तिरंगी साध्या कागदाच्या पट्ट्या वापरा. छोट्या छोट्या राष्ट्रध्वजांची माळ करू नका, ध्वजाचा तोरणासारखा वापर संहितेत नाकारलेला आहे. वक्त्याच्या टेबलावर तो अंथरूही नये. व्यासपीठावर काठीला लावायचा असेल तर श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या वक्त्याच्या उजव्या हाताला.

गॅलरीत किंवा भिंतीवर कसा लावायचा?

आडवा लावला तर केशरी वर. उभा लावला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. गॅलरीत काठी बाहेर झुकवून बांधा. कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवू नका, आणि कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यावरच्यांचा ध्वज ठिबकत नाही ना तेही बघा.

गाडीवर, टी-शर्टवर, केकवर?

मोटारीवर ध्वज लावायचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांपुरता आहे. बॉनेटवर किंवा टपावर तो पांघरणंही चुकीचं. कपड्यांत कमरेखाली वापर नको. रुमाल, उशीचे अभ्रे, नॅपकिन यांवर तर नकोच. केकच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिरंगी केक कापणं हा अवमान ठरत नाही, असं म्हटलं आहे. चक्राशिवायचा तीन रंगांचा ढोकळा केलात तर चर्चाच संपते.

आदल्या दिवशी सोसायटीत कुणाचं निधन झालं तर ध्वज अर्ध्यावर घ्यायचा का?

नाही. अर्ध्यावर घेणं हे सरकारी आदेशानेच होतं, आणि राष्ट्रीय दुखवट्यातही १५ ऑगस्टला ध्वज पूर्ण उंचीवर ठेवतात. अपवाद फक्त पार्थिव असलेल्या इमारतीचा, तोही ते तिथे असेपर्यंत. सोसायटीने कार्यक्रम छोटा करावा: ध्वज, राष्ट्रगीत, दोन मिनिटं शांतता. लाउडस्पीकर आणि नाच रद्द.

१०० माणसांना खाऊ किती लागेल?

जिलेबी माणशी ७५ ते ८० ग्रॅम धरा, म्हणजे ८ किलो. मुलं जास्त असतील तर ९. सोबत फरसाण किंवा चिवडा माणशी ४० ग्रॅम, म्हणजे ४ किलो. चहा १०० मिलिलिटरचे १०० कप: ५ लिटर दूध, ५ लिटर पाणी, १ किलो साखर, २०० ते २५० ग्रॅम पावडर. आटताना कमी होतं म्हणून पाणी लिटरभर जास्त घाला.

पावसाळी हवेत जिलेबी तासाभरात मऊ पडते. रात्री आणून ठेवू नका, सकाळी साडेसहाला कढईतून निघालेली घ्या. गरम असताना डबा झाकला की वाफेने ती लगदा होते, म्हणून टोपल्यात कागदावर पसरून वरून पातळ कापड टाका. १५ ऑगस्टला हलवायाकडे रांग असते, त्यामुळे ऑर्डर दोन दिवस आधी. वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाला येणाऱ्या मावशींची पाकिटं आधी वेगळी काढून ठेवा, शेवटी उरेल ते देण्याचा प्रकार नको.

ध्वज धुवायचा, ठेवायचा कसा? जुना झाला तर?

ओला ध्वज घडी करून कपाटात टाकला की आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात. पंख्याखाली किंवा सावलीत आडवा पसरून पूर्ण वाळवा. धुवायचा तर एकटाच, गार पाण्यात, सौम्य साबणाने. आधी केशरी कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का बघा. जात असेल तर धुऊ नका, पांढरा पट्टा गुलाबी होईल. इस्त्री करून सुती पिशवीत, कडुलिंबाच्या सुक्या पानांसोबत ठेवा. दोरी काढून वेगळी ठेवा आणि चावी कोणाकडे आहे ते सोसायटीच्या वहीत लिहा.

फाटलेला, विटलेला ध्वज फडकं म्हणून वापरायचा नाही, कचऱ्यातही टाकायचा नाही. तो पूर्णच्या पूर्ण, खासगीरीत्या, शक्यतो जाळून आणि मान राखून नष्ट करावा. कागदी झेंड्यांनाही तीच शिस्त. कार्यक्रम संपल्यावर आवाराच्या फाटकाशी एक खोकं ठेवा आणि मुलांना झेंडे त्यात टाकायला सांगा. दुपारपर्यंत गटाराच्या जाळीपाशी, गाड्यांच्या चाकांखाली आणि जिन्याच्या कोपऱ्यात आणखी दहा-पंधरा सापडतील. तेही गोळा करून त्याच खोक्यात टाकावेत.